थर्मास आणि तिसरा बाजार

प्रवासाहून परतलेली माणसं फोटो दाखवतात, शाली दाखवतात, निदान कुठल्याशा देवाचा प्रसाद तरी हातावर ठेवतात. माझ्याकडे दाखवायला आहे तो एक पोचा आलेला थर्मास. लागोपाठच्या दोन आठवड्यांत तो बगलेत मारून मी दोनदा नगर जिल्ह्यात जाऊन आलो. काष्टीला सहलीला कोणी जात नाही, म्हणूनच हे लिहायला बसलो आहे.

आधी माझी ओळख सांगतो. मी गुरांचा डॉक्टर. मूळचा गुहागरकडचा, नोकरी पुण्याजवळच्या एका पैदास केंद्रात. आमच्याकडे जर्सी जातीचे विदेशी वळू आहेत. त्यांचं वीर्य काचेच्या नळ्यांत भरून बर्फात ठेवायचं, गावोगाव न्यायचं आणि देशी गाय माजावर आली की तिच्यात सोडायचं, हे माझं काम. बर्फात ते फार तर तीन दिवस जगतं. गाय माजावर असते जेमतेम एक दिवस आणि मग थेट एकवीस दिवसांनी पुन्हा. म्हणजे तीन दिवसांच्या पाहुण्याची गाठ एका दिवसाच्या यजमानिणीशी घालायची. अशा धंद्यात माणूस शांत राहील कसा? मी तर मुळातच उतावळा. आमची आई म्हणते, हा जन्मालासुद्धा घाईघाईने आला.

बहात्तरच्या दुष्काळात काष्टीजवळच्या जनावरांच्या छावणीवर माझी नेमणूक होती. तिथे हौसाबाई नावाच्या बाई एक गाय घेऊन होत्या. गायीचं नाव चंद्री. हाडांचा सापळा झालेली, पण जातीची चांगली, डोळा पाणीदार. मी बोलून गेलो, "ही जगली तर हिला विदेशी वळूचं वासरू करून देईन. माजावर आली की कळवा. एकवीस दिवसांनी, म्हणजे तीन बाजारांनी पुन्हा येते, तेव्हा मी स्वतः येईन." बोललो आणि विसरलो. बाई विसरल्या नाहीत. पुढल्या वर्षी पाऊस बरा झाला आणि मार्गशीर्षात पोस्टकार्ड आलं: "चंद्री माजावर येऊन गेली. आज दुसरा बाजार झाला. येत्या शनिवारी तिसरा. मामंजी म्हणतात, गाय नुसतीच खाते. ह्या वेळी फळली नाही तर बाजारात विकणार. जरूर यावे."

काष्टीच्या बाजारात भाकड गाय कोण घेतो आणि पुढे तिचं काय होतं, हे मला वेगळं सांगायला नको होतं. साहेबांकडून तीन दिवस मागून घेतले आणि निघालो.

गुरुवार

पुण्याहून दौंडपर्यंत आगगाडी, पुढे एस.टी. दौंडला फलाटाबाहेर बर्फ बदलून घेतला. भीमा ओलांडली की नगर जिल्हा लागतो. मी डोंगरात आणि झाडीत वाढलेला माणूस. आमच्याकडे दहा पावलांपलीकडचं घर दिसत नाही. इथे नजर कुठे अडतच नाही. गुडघ्याएवढी ज्वारी, मध्येच पाटाच्या पाण्यावरचा ऊस, आणि कारखान्याचा गळीत हंगाम सुरू झालेला, त्यामुळे वाऱ्यावर मळीचा आंबूस वास. एवढं मोकळं आभाळ डोक्यावर असलं की मला उगाच आपल्याला उशीर झाल्यासारखं वाटतं.

एस.टी.त सगळ्यांचा डोळा माझ्या थर्मासवर. शेजारच्या फेटेवाल्या म्हाताऱ्याने दोन मैल दम धरला, मग म्हणाला, "चहा हाय व्हय? घोटभर द्या की, घसा सुकलाय."

"चहा नाही हो, औषध आहे."

"एवडं औशद? कोन एवडं आजारी हाय?"

त्याला समजावत बसायला माझ्यात धीर नव्हता. मी खिडकीबाहेर बघायला लागलो. म्हातारा मागच्याला म्हणाला, "पुन्याची मानसं. घोटभर चहा सुटत न्हाई." मी पुण्याचा नाही, हे ओरडून सांगावंसं वाटलं. तेवढ्यात गाडी खड्ड्यात आदळली, थर्मास पुढच्या दांडीवर आपटला आणि मी घाईघाईने झाकण उघडलं. पोचा पडला तो तेव्हा. आतल्या नळ्या शाबूत होत्या.

काष्टीपासून वस्ती दोन मैल. हौसाबाईंचे सासरे, आबा, बैलगाडी घेऊन आले होते. सत्तरीचा ताठ म्हातारा. नजर थर्मासवर टाकून म्हणाले, "ह्यात बसतुय व्हय तुमचा वळू? मंजी ल्हानच आसनार."

हौसाबाईंचे मालक कारखान्यावर कामाला, हंगामात आठ-आठ दिवस घरी येत नसत. घरी आबा, हौसाबाई आणि कमळ नावाची सातवीतली मुलगी. मी पाणीसुद्धा न घेता गोठ्यात गेलो. चंद्री आता ओळखू येत नव्हती. अंगावर तुकतुकी, गळ्यात घुंगरू. ती निवांत रवंथ करत उभी होती. हंबरणं नाही, शेपटी उचलणं नाही, काही नाही. हाताला साबण लावून आतून तपासली. अंडाशयावर हाताला लागली ती गाठ माजाच्या वेळची नव्हतीच. माज होऊन दहा-बारा दिवस झाले की लागते तशी होती. खरं म्हणजे तिथेच माझी ट्यूब पेटायला हवी होती. पण पोस्टकार्ड बरोबर आणि आपला हात चुकला, असं मी ठरवून टाकलं. उतावळ्या माणसाला कागद फार लवकर पटतो.

"येईल उद्यापर्यंत," मी म्हणालो.

जेवायला हुलग्याची शेंगोळी होती. पिठाची वेटोळी लसणाच्या झणझणीत रश्शात शिजवलेली, वर कच्चं तेल, सोबत बाजरीची भाकरी. माझं रक्त माशाच्या कढीवर पोसलेलं, पण ती शेंगोळी मी तीनदा मागून घेतली. नाक वाहत होतं, डोळे वाहत होते, हात थांबत नव्हता. आबा समाधानाने बघत होते.

पोट भरलं की मला बडबड सुचते. मी नुकतंच एका मासिकात वाचलेलं सांगायला लागलो. तिकडे कॅनडात आता याच्याही पुढे गेलेत म्हणे. जातिवंत गाय फळली की आठवड्याच्या आत तिच्या पोटातला गर्भ काढतात आणि साध्या गाईच्या पोटात ठेवतात. साधी गाय तो वाढवते, विते, आणि वासरू मात्र जातिवंत.

आबा म्हणाले, "कायबी सांगता राव."

हौसाबाई चुलीपाशी होत्या. सासऱ्यांसमोर त्या बोलत नसत. पण भाकरी थापायची थांबली. आबा हात धुवायला बाहेर गेले तशा त्यांनी विचारलं, "मग त्या वासराची आई कोन म्हनायची, डागदर?"

मला वाटलं, बाईंना शास्त्रात गोडी आहे. मोठ्या ऐटीत सांगितलं, "आई ती पहिली. रक्त तिचं, रूप तिचं. हिचं काय, नुसतं पोट. भाड्याची खोली समजा."

त्यांनी पुन्हा भाकरी थापायला घेतली. कमळने माझ्याकडे एकदा बघितलं आणि ताट उचलून आत गेली. मी आपला पाणी पिऊन ढेकर दिला.

शुक्रवार

सकाळी उठून गोठ्यात. नाही. न्याहारी करून गोठ्यात. नाही. चंद्री मला आता ओळखायला लागली होती. मी आलो की जरा बाजूला सरकायची, बिचारी. आबा ओट्यावर बसून मजा बघत होते. "डागदर, तुमीच माजावर आल्यासारकं करताय. बसा की वाईच."

बसवेना. इकडे बर्फाचं पाणी होत चाललेलं. थंडीच्या दिवसांत काष्टीत बर्फ मिळणं दुरापास्त. आबांची सायकल घेऊन निघालो, अर्ध्या वाटेत चाक पंक्चर. बाभळीचा काटा, दुसरं काय! सायकल ढकलत काष्टीच्या थांब्यावर पोचलो, तिथे दानियल मास्तर भेटले. शाळेत शिकवतात, ख्रिस्ती आहेत, आणि वस्तीवरच्या सगळ्यांची पत्रं लिहून देतात. हौसाबाईंचं कार्डही त्यांच्याच हातचं. माझा रडवेला चेहरा बघून त्यांनी दौंडला निघालेल्या कंडक्टरला थांबवलं. म्हणाले, "परतताना बर्फ घेऊन ये. लाकडाच्या भुश्यात गुंडाळ, पोत्यात घाल." कंडक्टरने का, कशाला, काही विचारलं नाही. दुपारच्या गाडीने पोतं आलं. आमच्याकडे असं काम सांगितलं असतं तर आधी त्याची कुंडली विचारली गेली असती.

संध्याकाळपर्यंत चंद्री तशीच. आबा म्हणाले, "डागदर, तुमचा दोस न्हाई. गाय भाकड हाय. छावनीनं खाल्ली तिला. उद्या बाजार धरतो."

तिसरा दिवस म्हणजे उद्याच. मी अंथरुणावर पडून कूस बदलत राहिलो. पुन्हा पुन्हा वाटत होतं, काहीतरी चुकतंय, आणि ते माझ्या नाकासमोर आहे.

शनिवार

उजाडता आबांनी चंद्रीला सोडलं. पुढे आबा आणि गाय, मागे मी, माझ्यामागे पदर डोक्यावर घेतलेल्या हौसाबाई. त्यांना बाजारात काही काम नव्हतं, तरी आल्या. आबा बरेच पुढे गेल्यावर त्या बोलायला लागल्या.

"आंदनाची हाय ती. माझ्या भावानं लग्नात दिली, तवा पाडी हुती. तिच्या आईला धा वेत झाली."

"मग विकायला तुम्ही हो म्हणालात?"

"मला कोन इचारतंय? लोक म्हनत्यात, एका घरात दोन वांझा कशाला."

मला चटकन कळलं नाही. "अहो, पण कमळ?"

"कमळ माझ्या सवतीची. ती बाळंतपनात गेली. म्हैन्याची पोर हुती, तवा मी आले ह्या घरात. शेळीच्या दुदावर वाडवली."

मी चालायचा थांबलो. गुरुवारी रात्री चुलीपाशी मी काय बोललो होतो, ते शब्दन् शब्द आठवलं. नुसतं पोट. भाड्याची खोली. आणि ह्या बाईंच्या वाट्याला तर तेही आलं नव्हतं. मला माझीच इतकी लाज वाटली की तोंडातून माफीसुद्धा निघाली नाही. हौसाबाई मात्र पुढे चालत राहिल्या.

काष्टीचा बाजार म्हणजे नुसती धूळ आणि हंबरडा. खिलारी बैलांच्या शिंगांना रंग, म्हशींच्या रांगा, आणि जागोजाग दोन-दोन माणसं एकमेकांचा हात उपरण्याखाली धरून गप्प उभी. इथे सौदा तोंडाने होत नाही. कापडाखाली बोटं धरून भाव सांगतात, आणि पटला की हात दाबतात. एकदा दाबला की ब्रह्मदेव आला तरी फिरत नाही. आमच्या कोकणात नारळाच्या सौद्याला अख्खा गाव साक्षीला आणि ओरडायला असतो.

आबांनी गाय उभी केली. मला बघवेना. मी हॉटेलाच्या बाकावर दानियल मास्तरांशेजारी जाऊन बसलो. बाजूला थर्मास, आतला ऐवज संध्याकाळपर्यंत मरणार.

"सगळं बरोबर होतं मास्तर," मी म्हणालो. "एकवीस दिवस झाले. गाय यायलाच हवी होती."

"एकवीस?" मास्तरांनी बशी खाली ठेवली. "एकवीस कुठले?"

"तीन बाजार झाले ना!"

"झाले की. माजावर आली तो पहिला बाजार. मागच्या शनिवारी दुसरा. आज तिसरा."

मी बोटं मोजली. पुन्हा मोजली. "अहो, मग हे चौदाच दिवस होतात!"

"आमच्याकडे सुरुवातीचा दिवस धरून मोजतात, डॉक्टर. बारसं बाराव्या दिवशी म्हणता, तेव्हा जन्माचा दिवस धरताच ना? आमचा प्रभूच बघा. शुक्रवारी क्रुसावर गेला, तिसऱ्या दिवशी उठला. रविवारीच उठला की नाही?"

छे! गुहागरात आम्ही तिथीवर मोजतो, आठवड्याचा बाजार असा नाहीच. छावणीत "तीन बाजारांनी" असं मीच ऐटीत सांगून गेलो होतो, आणि हौसाबाईंनी आपल्या पद्धतीने ते अगदी चोख मोजलं होतं. गाय भाकड नव्हती. गाय आठ दिवसांनी माजावर येणार होती. माझा हात गुरुवारीच खरं बोलत होता.

मी उठून पळत सुटलो. दोन म्हशींच्या मधून, एकाच्या कडब्यावर पाय देऊन, शिव्या खात. आबा मला दिसले तेव्हा त्यांचा उजवा हात एका व्यापाऱ्याच्या उपरण्याखाली होता.

"आबा, दाबू नका! हात दाबू नका!"

सगळा बाजार माझ्याकडे वळला. मी धापा टाकत सांगितलं: चूक माझी, मोजणी माझी चुकली, गाय पुढच्या शनिवारी येईल, फक्त आठ दिवस द्या.

व्यापारी हसला. आबांनी हात काढला नाही. म्हणाले, "डागदर, परवा म्हनला उद्या यील. काल म्हनला आज यील. आता म्हनता पुडच्या शनवारी. तवर चारा कोन घालनार?"

तेव्हा हौसाबाई पुढे आल्या. पदर नाकापर्यंत ओढलेला. सून सासऱ्याशी चारचौघांत बोलत नाही, म्हणून त्या माझ्याकडे तोंड करून बोलल्या. आबा हातभर अंतरावर उभे होते.

"डागदर, मामंजींना सांगा, आठ दिस चारा मी घालते. उसाचं वाडं डोक्यावर आनीन."

मी आबांकडे वळलो. आबा मला म्हणाले, "तिला सांगा, हे बाजाराचं काम हाय. बाईमानसाचं न्हवं."

"मामंजींना सांगा," हौसाबाईंचा आवाज चढला, "गाय आंदनाची हाय. माझ्या भावाला इचारल्याबिगर तिचं दावं सुटायचं न्हाई. आन् सोडायचंच आसंल तर आदी मला सोडा. मीबी तसलीच हाय." आणि त्यांनी चंद्रीच्या गळ्यातलं दावं दोन्ही हातांनी धरलं. मूठ सुटेना.

आबा खाली बघत उभे राहिले. मग उपरण्याखालून त्यांनी हात काढून घेतला आणि व्यापाऱ्याला म्हणाले, "दाबला नव्हता आजून." माझ्याकडे बघून म्हणाले, "तिला सांगा, गाय घिऊन घरला जा. आन् त्वांड पुस."

हौसाबाईंनी ते ऐकलंच होतं, पण मी सांगितलं. थर्मासातलं मी तिथेच एका बाभळीच्या बुंध्याशी ओतून टाकलं.

चौथा बाजार

पुढच्या शुक्रवारी नवा बर्फ घेऊन पुन्हा निघालो. एस.टी.त कोणी चहा मागितला नाही, मलाच चुकल्यासारखं वाटलं. शनिवारी पहाटे आबांनीच मला हलवून उठवलं. "उटा. तुमची वरात आली."

चंद्री हंबरून हंबरून वस्ती डोक्यावर घेत होती. लगेच घाई करायची नसते, म्हणून संध्याकाळपर्यंत थांबलो. तो दिवस कसा काढला, मला विचारू नका. आबा त्या शनिवारी बाजाराला गेलेच नाहीत. सांगितलं कोणाला नाही, पण दिवसभर गोठ्याच्या दारातच बसून होते. संध्याकाळी काम पाच मिनिटांत झालं. हौसाबाईंनी चंद्रीच्या कपाळाला हळदकुंकू लावलं, पाठीवर खण ठेवला, पुढ्यात गहू आणि नारळ ठेवून तिची ओटी भरली. आमच्याकडे गाईची पूजा करतात, ओटी भरताना मी पहिल्यांदाच पाहिली. ओटी भरणाऱ्या बाईंची कोणी कधी आपणहून भरली असेल का, असं मनात आलं आणि मी दुसरीकडे बघितलं.

निघताना धीर केला. "हौसाबाई, त्या रात्री मी फार चुकीचं बोललो. मला माफ करा."

त्या थर्मास पुसत होत्या. "तुमी पुस्तकातलं बोलला, डागदर. पुस्तकाला काय म्हाईत." आणि थर्मास माझ्या हातात दिला. जड लागला म्हणून उघडला, तर काठोकाठ चहा.

आता भाद्रपद संपत आला आहे. कालच एक पोस्टकार्ड आलं. अक्षर मास्तरांचं नव्हतं, गोल, शाळकरी होतं:

"डॉक्टरसाहेबांस सा. न. वि. वि. चंद्रीला कालवड झाली. काल झाली, म्हणजे काल धरून आज दुसरा दिवस. तुम्ही चुकाल म्हणून मुद्दाम लिहिले. पाठीवर वशिंड नाही, रंग हरणासारखा, चंद्रीसारखी मुळीच दिसत नाही. तरी चंद्री तिला चाटायची थांबत नाही. आबा कोणाला हात लावू देत नाहीत. आई विचारते, परदेशात दुसरीच्या पोटात ठेवलेले ते वासरू दोघींपैकी कोणाच्या मागे जाते ते बघून कळवा. मी आईला सांगितले, त्यात बघायचे काय आहे.

आपली, हौसाबाईंची कमळ."